गच्चीवर शेगडी मांडणार आहेस ना, मग हे वाच

अगं आधी एक सांगते, मे महिन्यात बडोद्यात सातच्या आत कोळसे पेटवूच नको, गच्चीची फरशीच इतकी तापलेली असते की पनीरच्या आधी पाहुणे भाजून निघतील. कोळशांना ज्वाळ आहे तोवर वर काही ठेवायचं नाही, राखेचा पांढरट थर आला की मगच, त्याला 25-30 मिनिटं लागतातच, तेवढ्यात बांबूच्या काड्या पाण्यात भिजवून ठेव नाहीतर त्याच आधी जळतात. पनीरला चक्का, भाजलेलं बेसन, तिखट, मोहरीचं तेल चोळ, मीठ मात्र अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून सगळा मसाला खाली कोळशांवर. भाज्या खंडेराव मार्केटमधून, ढोबळी मिरची नि कांदे, बस झालं.

गोडाला केकबिकच्या नादी लागू नकोस, आम्रखंड कर. दही रात्रभर फडक्यात बांधून फ्रीजमध्येच ठेव, खाली चाळणी नि पातेलं, बाहेर टांगलंस तर या उन्हाळ्यात आंबट ढाण होतं. केसर आंब्याचा रस पातळ वाटला तर मंद आचेवर आटवून पूर्ण गार कर आणि मगच घाल. साखर चक्क्याच्या निम्मी पुरे (सासूबाई म्हणतील कमी आहे, म्हणू दे), कालवून दोनेक तास तसंच ठेव, मग पुरणयंत्रातून काढ, मिक्सर अजिबात नको, सैल पडतं. हे आदल्या दिवशीच उरकलंस की संध्याकाळी तुझ्या हातात फक्त चिमटा.