घरी पहिल्यांदाच भाज्या लावतोय. अंड्याची टरफलं साठवली आहेत, आणखी काय काय घालू?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. गॅलरीत कोणत्या भाज्या लावू, सुरुवात टोमॅटोने केली तर चालेल का, आणि अंड्याच्या टरफलांशिवाय कुंडीत काय काय घालू. पहिल्या दोन्हींचं उत्तर पटकन देते. तिसऱ्यावर मात्र मला बोलायचंच आहे, कारण या टरफलांपायी माझा एक अख्खा हंगाम गेलाय.

सुरुवात मेथी, पालक आणि मुळ्यापासून करा. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, लहान गोल मुळा साधारण महिन्याभरात निघतो, आणि चुकलं तर पुन्हा पेरायला आठवडे शिल्लक राहतात. टोमॅटोचं रोप लावल्यावर पहिलं पिकलेलं फळ हातात यायला दोन-अडीच महिने जातात. नवख्या माणसाचा धीर तेवढ्यात सुटतो. शिवाय पालेभाजी तीन-चार तासांच्या उन्हावर भागवून घेते. टोमॅटो, मिरची, वांगं यांना रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. तेवढं ऊन नसेल तर टोमॅटो लावूच नका, मग खत कितीही चांगलं आणा.

आता टरफलं.

पहिल्या वर्षी मी चार टोमॅटो लावले होते, दहा लिटरच्या बादल्यांत. रोपं छान वाढली, फुलं आली, फळं लिंबाएवढी झाली. एका सकाळी पहिल्या घोसातलं एक फळ उलटं करून बघितलं तर बुडाला नाण्याएवढा ओलसर, पाणी मुरल्यासारखा डाग. चार-पाच दिवसांत तो तपकिरी झाला, मग काळा, आणि चामड्यासारखा कडक होऊन आत खचला. वरून फळ अगदी देखणं. त्या घोसातली पाचपैकी चार फळं तशीच गेली.

आमचे भावोजी घरातले बागेचे जाणकार. त्यांनी बघितलं आणि लगेच सांगितलं, "कॅल्शियम कमी पडलंय. टरफलं घाल." त्या दिवसापासून ताईकडची, आमची, शेजारची, सगळी टरफलं माझ्याकडे यायला लागली. धुवायची, वाळवायची, कुटायची आणि प्रत्येक बादलीत मूठभर मिसळायची. दुसऱ्या घोसाचीही फळं काळी पडली. भावोजी म्हणाले, प्रमाण वाढव. मी वाढवलं. तिसरा घोसही गेला.

या सगळ्यात मी पाणी कसं घालते हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. कामाच्या दिवशी सकाळी घाईत एक तांब्या ओतायचा. बुधवारपर्यंत पानं मान टाकायची. रविवारी वेळ असला की खालून धार लागेपर्यंत पाणी. म्हणजे आठवडाभर तहान आणि एक दिवस पूर. दहा लिटरच्या बादलीत वाढलेलं टोमॅटोचं झाड कडक उन्हात दिवसभरात माती कोरडी करून टाकतं.

फळ बुडाकडून काळं पडतं तो रोग नाही, कीडही नाही. त्या टोकाला कॅल्शियम पोचलेलं नसतं, इथपर्यंत भावोजींचं बरोबर होतं. पण कॅल्शियम मुळांकडून वर चढतं ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर. पानांतून पाण्याची वाफ सतत जात असते, म्हणून पाणी पानांकडे ओढलं जातं. फळातून वाफ फार कमी जाते, त्यामुळे त्याच्या वाट्याला आधीच थोडं येतं, आणि फळाचं बूड म्हणजे त्या वाटेचं शेवटचं टोक. फळ भराभर वाढत असताना माती कोरडी पडली की त्या टोकाच्या पेशी कोसळतात. पानात एकदा गेलेलं कॅल्शियम तिथून निघून फळात येत नाही. मातीत कॅल्शियम भरपूर असेल, पण ते वर न्यायला पाणी नसेल तर फळ उपाशीच राहणार.

आणि टरफलं? हंगाम संपल्यावर मी बादल्या उपसल्या आणि माती चाळली. चाळणीवर ती सगळी जशीच्या तशी होती. पांढरी, कडा धारदार, काहींच्या आतल्या बाजूला पातळ पापुद्रासुद्धा चिकटलेला. टरफल म्हणजे जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल नसलेल्या मातीत ते विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि जाडसर तुकडे वर्षानुवर्षं तसेच राहतात. लिंबाएवढ्या फळाला या आठवड्यात जे हवंय ते त्यातून मिळणार कसं?

पुढच्या वर्षी एकही टरफल घातलं नाही. कुंड्या वीस-पंचवीस लिटरच्या घेतल्या, नवीन माती भरली, वर चार बोटं जाड वाळलेल्या पाल्याचं आच्छादन केलं आणि रोज सकाळी मातीत बोट घालून मगच पाणी दिलं. पहिल्या घोसातल्या एका फळाला डाग आला. बाकी सगळी स्वच्छ. भावोजींना दाखवली तर म्हणतात, "मागच्या वर्षीचं कॅल्शियम आत्ता लागू पडलं." माती नवीन आहे आणि जुनी टरफलं चाळून बाजूला काढलीत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. ताईचं म्हणणं, दोघांचंही बरोबर असेल. नाही. दोघांचं बरोबर असू शकत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, काय घालू हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. कोरडं लागलं तर खालून पाणी निघेपर्यंत सावकाश घाला. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी झारी उचलू नका. वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी बेताची ओल, ओळखता आला की अर्धी बाग आली. ठरलेल्या वेळी ठरलेलं पाणी हाही घोटाळाच आहे, कारण ढगाळ दिवशी आणि रखरखत्या दिवशी झाडाची तहान सारखी नसते. कुंडीच्या तळाला खडे भरू नका. निचरा त्याने सुधारत नाही, उलट मुळांची जागा जाते. भोकं मोकळी असली की पुरे. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत एक तृतीयांश मिसळा, पालेभाजीला तेवढं पुरतं. नत्राचं खत टोमॅटोला मुठीने घालाल तर पानांचं रान माजेल आणि बुडाचे डागही वाढतील.

एक मात्र मान्य करायला हवं. माती फार आम्ल असेल, किंवा कुंडीत मातीऐवजी नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसाच भरला असेल, तर कॅल्शियम खरोखर कमी असू शकतं. तेव्हा माती तपासून चुना किंवा जिप्सम (कॅल्शियम असलेलं खनिज) घालतात. टरफलं तिथेही फार सावकाश काम करतात. लांबट टोमॅटोंना हा त्रास जास्त होतो, चेरी टोमॅटोंना क्वचितच, त्यामुळे टोमॅटोचा हट्टच असेल तर चेरी जातीचं एकच रोप लावा.

साठवलेली टरफलं बारीक पूड करून कंपोस्टच्या डब्यात टाका, तिथे त्यांचा त्रास नाही. आणि मुळ्याचं बी अर्धा इंच खोल टोचा. उगवल्यावर दोन रोपांत तीन बोटं अंतर राहील इतकी विरळणी करा. रोपं उपटताना जिवावर येतं, पण दाटीत मुळा धरतच नाही, नुसता पाला होतो. उपटलेली कोवळी रोपं खाता येतात.