शेवटची फेरी झाली, आता फोनची वाट

कन्सल्टिंगच्या, म्हणजे इतर कंपन्यांना व्यवसायाचा सल्ला देणाऱ्या कंपन्यांमधल्या नोकरीच्या, मुलाखतींच्या अंतिम फेरीनंतर 'माझं होईल का?' असं विचारणारी बरीच पत्रं या महिन्यात आली. मी काही वर्षं अशा मुलाखती घेतल्या आहेत, निवडीच्या चर्चेत बसलो आहे. त्या अनुभवावरून चौघांना उत्तरं देतो.

प्रश्न : एका दिवसात तीन मुलाखती झाल्या. पहिले दोघे छान बोलले. तिसरे पार्टनर (कंपनीतले वरिष्ठ भागीदार) मात्र चेहऱ्यावरची रेषही न हलवता ऐकत होते. कॉलेजातल्या एकाच प्रसंगावर खोदून खोदून विचारलं, केसमधली (सोडवायला दिलेल्या व्यवसायाच्या प्रश्नातली) माझी शिफारस दोनदा खोडली आणि वेळेआधीच मुलाखत संपवली. माझं गेलं असं समजू का? (पुणे)

नाही, एवढ्यावरून तसं समजू नका. तुम्ही चेहरा वाचताय, पण निर्णय चेहऱ्यावर होत नाही. मुलाखती संपल्या की प्रत्येक जण आपलं मत लिहून देतो आणि मग सगळे एकत्र बसतात. प्रश्नाची मांडणी कशी केली, आकडेमोड कशी झाली, शेवटी ठोस काही सांगितलं का आणि या व्यक्तीला उद्या क्लायंटसमोर बसवता येईल का, यावर तिथे बोलणं होतं. उमेदवाराशी हसून बोललेल्या माणसानेच चर्चेत 'नको' म्हटल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

एकाच प्रसंगावर खोदून विचारण्याचा अर्थ अविश्वास असा घेऊ नका. मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीच्या मुलाखतीत तर वैयक्तिक अनुभवाचा भाग असाच असतो. एकच प्रसंग घेऊन 'मग तुम्ही नेमकं काय केलंत?' हे पुन्हा पुन्हा विचारतात, कारण 'आम्ही केलं' यातून तुम्हाला वेगळं काढायचं असतं.

शिफारस खोडणं हीसुद्धा परीक्षाच. समजा केस एका दूध संघाची आहे. तुम्ही म्हणालात, 'दोन संकलन केंद्रं बंद करा,' आणि पार्टनर म्हणाले, 'अध्यक्ष ऐकणार नाहीत.' आता आठवून पाहा, तुम्ही काय केलंत? लगेच शिफारस मागे घेतली असेल, तर ते खटकतं. आपलंच खरं करत राहिला असाल, तर तेही खटकतं. 'अध्यक्षांचा विरोध कशामुळे असेल? शेतकऱ्यांच्या नाराजीमुळे असेल तर आधी दूध वळवण्याची सोय करून मग एकच केंद्र बंद करू,' अशा दिशेने गेला असाल, तर त्यांना तेच पाहायचं होतं. तुमच्या शक्यतेचा अंदाज त्या 2 मिनिटांवरून बांधा. वेळेआधी संपवण्याचं कारण हवं ते मिळालं हे असू शकतं, नाही मिळालं हेही असू शकतं, किंवा क्लायंटचा फोन असू शकतो. त्यावरून काहीच ठरत नाही.

आणखी एका मुलाखतीला बोलावलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा मतं विभागलेली असतात आणि कुणीतरी तुमच्या बाजूने भांडलेलं असतं.

प्रश्न : शीतगृहांच्या साखळीची केस होती. 50 शीतगृहांची वर्षाची उलाढाल 40 कोटी यायला हवी होती, मी 4 कोटी सांगितली. चूक घरी येताना टॅक्सीत लक्षात आली. मेल करून दुरुस्ती कळवू का? (ठाणे)

एक शून्य हुकलं म्हणून चांगला उमेदवार सहसा जात नाही. मला काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. 4 कोटी भागिले 50 म्हणजे एका शीतगृहाला वर्षाला 8 लाख, महिन्याला 67 हजारांच्या आत. एवढ्यात विजेचं बिल तरी निघेल का, हा प्रश्न तुम्हाला तिथेच पडायला हवा होता. आकडा काढल्यावर 'हा पटतो का?' असं स्वतःला विचारणारा माणूस त्यांना हवा असतो. त्या आकड्यावरच पुढची शिफारस उभी केली असेल, तर ती मुलाखत कमकुवत गेली असं धरा. मात्र बाकीच्या मुलाखती चांगल्या झाल्या असतील तर ती भरून निघू शकते.

आभाराच्या मेलमध्ये एका ओळीत दुरुस्ती लिहायला हरकत नाही. तोवर मतं लिहून झालेली असतात, त्यामुळे तिच्यावर आशा ठेवू नका.

प्रश्न : '2 दिवसांत कळवू' म्हणाले होते, आज 9वा दिवस. दुसरीकडची ऑफर हातात आहे, तिला शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. (बंगळूरु)

आयआयएमच्या कॅम्पसवर निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो. कॅम्पसबाहेरच्या भरतीत तसं नसतं. स्पष्ट 'हो' असेल तर फोन सहसा एक-दोन दिवसांत येतो, अनेकदा मुलाखत घेणाऱ्या पार्टनरचाच. त्यामुळे उशीर झाला की पारडं थोडं नकाराकडे झुकतं, हे मी लपवणार नाही. पण कुणाची मुलाखत पुढच्या आठवड्यात असते, जागेची मंजुरी अडकते, किंवा आधीच्या उमेदवाराच्या होकाराची वाट पाहिली जाते. तुम्ही आजच रिक्रूटरला लिहा: 'मला दुसरी ऑफर आहे, शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे, माझी पहिली पसंती तुमच्याकडे आहे. त्याआधी निर्णय कळू शकेल का?' हा दबाव होत नाही, त्यांनाही ही माहिती हवी असते. मात्र ऑफर खरीच असली पाहिजे.

प्रश्न : मुलीची अंतिम फेरी होऊन 4 दिवस झाले. नीट जेवत नाही, बोलत नाही. आम्ही विचारावं की गप्प बसावं? (एक वडील, कोल्हापूर)

काका, 'काय वाटतं, होईल का?' एवढं मात्र विचारू नका. ते तिलाही माहीत नाही आणि दर वेळी ती तीच मुलाखत मनात पुन्हा देते. त्याऐवजी तिला सांगा, कुठले प्रश्न आले, कुठे अडकलीस, ते आठवतंय तोवर वहीत उतरवून ठेव. नकार आला तर रिक्रूटरकडे फीडबॅक मागता येतो, तेव्हा ती वही समोर असली की बोलणं नेमकं होतं. अनेक कंपन्या वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करू देतात, त्या वेळीही ती कामाला येते. अंतिम फेरीपर्यंत पोचलेली मुलगी आहे तुमची, मोजक्यांपैकी एक. हे तुमच्या तोंडून तिने निकालाआधी ऐकलेलं बरं.

आणि एक. हल्ली बरीच मुलं अनोळखी नंबर आपोआप शांत करणारी सोय फोनमध्ये चालू ठेवतात. तिच्या फोनवर ती असेल तर आजच बंद करायला सांगा.