उसाची नोंद आणि विमानाची ऑर्डर

चि. स अनेक आशीर्वाद.

उसाचं बिल आणि पगारातली शिल्लक मिळून विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीचे शेअर घ्यायचे म्हणतोस, कारण एअरबसकडं आठ हजारांवर विमानांच्या ऑर्डरी आहेत. आकडा खरा आहे, पण नुसत्या त्यावर विसंबू नकोस. तुमच्या हुक्केरी भागात उसाची नोंद कितीही असो, बिल निघतं ते गाळपावर. पुरवठादाराचंही तसंच: महिन्याला किती विमानं जोडून होतात, तेवढाच त्याचा माल उठतो.

मार्च 2019 मध्ये, दोन अपघातांनंतर, बोइंगच्या 737 मॅक्स विमानांची उड्डाणं बंद झाली, तेव्हाही कंपनीच्या वहीत हजारो ऑर्डरी होत्या. जानेवारी 2020 मध्ये त्यांनी त्या विमानाचं उत्पादनच थांबवलं, आणि त्याचा सांगाडा करणाऱ्या अमेरिकेतल्या विचिटाच्या स्पिरिट एरोसिस्टिम्सनं त्याच महिन्यात 2,800 माणसांना घरी बसवलं. बिघाड सांगाड्यात नव्हताच! पुढं कोरोना आला आणि एप्रिलमध्ये एअरबसनंही उत्पादन साधारण एक तृतीयांशानं उतरवलं. 2025 च्या मध्यावर तर एअरबसची 60 विमानं इंजिनांची वाट बघत उभी होती. अशा वेळी मोठं गिऱ्हाईक आधी आपल्या गोदामातला माल संपवतं, म्हणून खालच्या पुरवठादाराला झटका जास्त बसतो.

बेळगावच्या उद्यमबागेतला फाउंड्रीवाला (ओतकाम करणारा) पंपाचं काम आटलं की ट्रॅक्टरचं कास्टिंग धरतो. विमानाचा ब्रॅकेट दुसरीकडं कुठं बसणार? त्याची दुसरी बाजूही सांगतो: एकदा पार्ट पास झाला की गिऱ्हाईक सहसा पुरवठादार बदलत नाही, कारण नव्याकडून सगळी तपासणी पहिल्यापासून करून घ्यावी लागते. ही या धंद्याची खरी ताकद. पण लांबच्या करारात बहुधा दर ठरतो, नग नाही.

तू व्हीएमसीवर, त्या धातू कोरणाऱ्या संगणकी मशीनवर, उभा असतोस, तेव्हा ठोकळ्यातला केवढा माल किसात जातो ते मी काय सांगू? तो ठोकळा महिनोन्‌महिने आधी मागवायचा, मग मशिनिंग, बर (कडेचे धारदार कंगोरे) काढणं, ॲनोडायझिंग म्हणजे गंजू नये म्हणून थर चढवणं, सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर तपासणी, मग जहाज, आणि बिल पाठवल्यावर पुन्हा वाट. तोवर पैसा अडकलेला. म्हणून अहवालात नफ्याच्या आधी कामकाजातून आलेली रोकड बघ. नफा वाढतोय, रोकड येत नाही आणि गोदाम फुगतंय, असं दिसलं तर मी हात आखडता घेईन. एकाच गिऱ्हाइकाचा, त्यातही एकाच विमानाचा वाटा किती, तेही शोध.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. हत्तरगीच्या एसईझेडमधून, म्हणजे निर्यातीसाठीच्या खास औद्योगिक क्षेत्रातून, तुझा पगार येतो, तोही याच विमानांवर. मंदी आली तर ओव्हरटाइम बंद होईल त्याच महिन्यात शेअरही पडेल, आणि घरखर्चाला तोच पडत्या भावानं विकावा लागेल. तेव्हा उसाच्या बिलातून आधी सोसायटीचं पीककर्ज भागव, सहा महिन्यांचा खर्च बँकेत ठेव. मग उरेल त्यातला दहावा हिस्सा घाल, तोही हप्त्याहप्त्यानं.

दसऱ्याला येताना कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आण. मोबाइलवर मला ते आकडे दिसत नाहीत.

तुझा,
काका