फारशी न होणारी जुनी नाटके लहान संस्थेने करायची असतील तर निवड कशी करावी?

आपला प्रश्न असा आहे की, कोल्हापुरातील पंधरा-वीस जणांच्या हौशी संस्थेला हल्ली क्वचितच रंगमंचावर येणारी जुनी मराठी नाटके करायची आहेत, तर नाटक कसे निवडावे, पाच अंकी संहिता किती कापावी आणि अशा प्रयोगांना प्रेक्षक येतो का. मी याच शहरातील एका लहान संस्थेत दिग्दर्शनाचे आणि रंगावृत्ती (प्रयोगासाठी काटछाट करून बांधलेली संहिता) तयार करण्याचे काम करते, त्या अनुभवावरून लिहिते आहे.

निवडीबाबत माझे मत ठाम आहे. नाटक चांगले की वाईट हे ठरवण्याआधी ते रंगभूमीवरून का गेले, हे शोधून काढावे. गाणारा नट गेला, नाटक मंडळी बुडाली, सरकारने बंदी घातली, पात्रे फार असल्यामुळे खर्च झेपेना, अशी बाहेरची कारणे असतील तर ते नाटक हाती घेण्यासारखे असते. कारण खुद्द संहितेतच असेल, तर लेखकाचे नाव कितीही मोठे असो, लहान संस्थेने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे पहिल्या प्रकारचे उत्तम उदाहरण. ते १९०७ मध्ये रंगभूमीवर आले आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे गांजलेला देश, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. आज कर्झन कोण हेच अनेकांना आठवत नाही. तरीही डोळ्यांदेखत अपमान होत असताना दिलेल्या शब्दाला बांधून राहायचे की उठायचे, हा भीम आणि युधिष्ठिर यांच्यातला झगडा तितकाच धारदार राहतो आणि सगळे नाटक त्या झगड्यावर उभे आहे. त्यामुळे रूपक गळून पडले तरी प्रयोग पडत नाही. उलट गडकऱ्यांच्या ‘पुण्यप्रभावा’त वसुंधरेच्या पातिव्रत्याच्या तेजाने वृंदावनासारख्या खलपुरुषाचे हृदयपरिवर्तन होते. भाषा अशी की वाचताना थांबवत नाही, पण ज्या श्रद्धेवर तो शेवट विसंबला आहे ती आजच्या प्रेक्षागृहात उरलेली नाही, आणि नेमक्या त्या जागी हशा येतो. काही दिग्दर्शक अशा ठिकाणी उपरोधाचा आधार घेतात. मला तो लेखकाशी केलेला अप्रामाणिकपणा वाटतो. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या नाटकांबाबतही, ‘वीरतनय’ आणि ‘मूकनायक’ धरून, माझे असेच मत आहे. त्यांनी पारशी रंगभूमीवरच्या चाली मराठीत आणल्या, विनोदाला नवे वळण दिले, हे सगळे खरे. पण त्या गुंतागुंतीच्या कथानकांत आणि कोट्यांत आजचा नट दमून जातो. एखाद्या अंकाचे जाहीर अभिवाचन करावे, त्यापुढे जाऊ नये.

पहिले नाटक गद्यच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. संगीत नाटकासाठी गाता येणारा नट, ऑर्गन आणि तबला यांची साथ आणि महिनोन्महिन्यांच्या तालमी लागतात, आणि यांपैकी एक गोष्ट जरी उणी पडली तरी ती पहिल्याच पदाला उघडी पडते. गद्यात खाडिलकरांचेच ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ आहे. त्यातल्या केशवशास्त्र्यामागे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला, कान भरून संशय पेरणारा इयागो स्पष्ट दिसतो आणि संशयाने पोखरत गेलेला तरुण पेशवा ही कोणत्याही नटाला हवीशी वाटावी अशी भूमिका आहे. १९०९ चे ‘भाऊबंदकी’ तर लहान संस्थेला त्याहून सोयीचे आहे, कारण आनंदीबाई, राघोबा आणि रामशास्त्री या तिघांची कामे पक्की झाली की बाकीचा डोलारा त्यांच्यावर तोलता येतो. आपल्याकडे भारदस्त आवाजाची, चाळिशीतली अभिनेत्री असेल तर मी दुसरा विचारही करणार नाही.

संगीत नाटकच करायचे असेल तर कोल्हापूरकरांनी ललितकलादर्शच्या नाटकांकडे आधी पाहावे. केशवराव भोसले इथले. त्यांनी १९०८ मध्ये हुबळीला ही मंडळी स्थापन केली आणि मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ (१९१६) व ‘संन्याशाचा संसार’ (१९१९) ही नाटके याच मंडळीने रंगभूमीवर आणली. केशवराव १९२१ मध्ये गेले. त्यानंतर बापूराव पेंढारकरांनी १९२२ मध्ये याच मंडळीतर्फे वरेरकरांचेच ‘सत्तेचे गुलाम’ केले. हुंडा, धर्मांतर, असहकार हे त्या नाटकांचे विषय आहेत, आणि त्यांतला निदान पहिला तरी जुना झालेला नाही. या नाटकांना आणखी एक व्यावहारिक अनुकूलता आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. वरेरकर १९६४ मध्ये वारले, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली नाटके सर्वांना खुली झाली आहेत. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची नाटके त्याआधीच खुली होती. देवल, गडकरी आणि कोल्हटकर यांच्याबाबत तर प्रश्नच नाही. अत्र्यांच्या नाटकांसाठी मात्र २०२९ संपेपर्यंत वारसांची परवानगी घ्यावी लागेल. नाटक खुले असले तरी अलीकडे कोणी केलेल्या रंगावृत्तीवर किंवा नव्याने बांधलेल्या चालींवर त्या त्या व्यक्तीचा स्वतंत्र हक्क असतो, हे अनेक संस्था विसरतात. म्हणून मूळ छापील आवृत्ती मिळवावी आणि त्यावरून आपली रंगावृत्ती आपणच तयार करावी. शोधाची सुरुवात करवीर नगर वाचन मंदिरापासून करावी. १८५० पासूनचे ते ग्रंथालय आहे.

आता कापाकापीविषयी सविस्तर लिहिते, कारण प्रयोगाचे बरेवाईट बहुधा इथेच ठरते. ही नाटके रात्रभर चालण्यासाठी लिहिलेली आहेत. आज अडीच तासांपलीकडे प्रेक्षक आणि नाट्यगृहाचा व्यवस्थापक दोघेही थांबत नाहीत. बहुतेक जण प्रत्येक भाषणातली थोडी थोडी वाक्ये छाटतात. त्यामुळे नाटक लांबीने कमी होते, पण प्रत्येक प्रवेश अर्धवट वाटू लागतो आणि जुन्या गद्याची लय जागोजाग मोडते. त्याऐवजी प्रवेशच्या प्रवेश, शक्य असल्यास एखादे सबंध उपकथानक, काढून टाकावे आणि जे ठेवले ते पूर्ण ठेवावे. काय काढता येईल याची खूण संहितेतच असते. त्या काळी मागे महालाची किंवा अरण्याची मांडणी बदलत असताना पुढे रस्त्याचा पडदा सोडून दोन-तीन पात्रांचा एक प्रवेश उरकला जाई. हे पुढच्या पडद्यावरचे प्रवेश बरेचदा केवळ मागच्या कामाला वेळ मिळावा म्हणून लिहिलेले असत. (ते पडदे रंगवणाऱ्यांत आपल्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंचाही हात होता, चित्रपटाकडे वळण्यापूर्वी, आज तसे पडदे मिळाले असते तर मी हे प्रवेश खुशाल ठेवले असते.) आपण एकाच साध्या नेपथ्यावर प्रयोग करणार असाल तर त्या प्रवेशांचे मूळ प्रयोजनच संपते. त्यांत एखादी महत्त्वाची बातमी आली असेल तर ती पुढच्या प्रवेशात एका वाक्यात सांगता येते. स्वगतांना मात्र जपून हात लावावा. पात्र केवळ आपली व्यथा आळवत असेल तर ते स्वगत जाऊ द्यावे. बोलता बोलता त्याचा निर्णय बदलत असेल तर त्यातला एक शब्दही काढू नये.

शब्द बदलून भाषा सोपी करण्याच्या मी विरुद्ध आहे. नटाला अर्थ लागला असेल तर ‘यःकश्चित’ आणि ‘किंबहुना’ यांवर प्रेक्षक अडत नाही. नटाला तो लागला नसेल तर सोपा शब्दही पोचत नाही. म्हणून पहिले काही आठवडे हालचाली न बसवता केवळ बसून वाचन करावे, प्रत्येक वाक्यात श्वास कुठे घ्यायचा हे खुणा करून ठरवावे. आपल्याकडच्या मुलांच्या बोलण्यातला कोल्हापुरी हेल पेशव्याच्या तोंडी कसा चालेल, ही शंका हमखास निघते. माझा अनुभव असा की, तो पुसण्याच्या खटपटीत नटाचा आवाज बसतो. उच्चार स्वच्छ असावेत आणि सगळ्यांचे एकसारखे असावेत. राहिलेला हेल पहिल्या दहा मिनिटांनंतर कोणाच्या लक्षातही राहत नाही.

संगीत नाटकात सुराची पट्टी हा प्रश्न तालमीच्या पहिल्याच दिवशी सोडवावा. मूळ प्रयोगांत नायिका पुरुषच रंगवीत आणि गात. आज ती भूमिका स्त्री करणार, म्हणजे तिची पट्टी वेगळी, आणि नायकाबरोबरचे पद आले की दोघांपैकी एकाची ओढाताण ठरलेली. नटसंच पक्का करण्याआधीच ऑर्गनवादकाला बोलावून दोघांना एकत्र गाऊन घ्यावे. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर पूर्ण विसंबूही नये, कारण तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत बसवण्यासाठी पद आखडते घेतलेले असते. पदेही सगळी ठेवू नयेत. जिथे कथानक पुढे सरकते किंवा पात्राचा भाव उलटतो, तिथलीच ठेवावीत.

जागेविषयी थोडक्यात. शाहू महाराजांनी बांधलेले, १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले आणि पुढे केशवरावांचे नाव मिळालेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. तेव्हापासून आम्ही लहान सभागृहांसाठीच प्रयोग बांधतो. शाहू स्मारक भवन किंवा देवल क्लबचे सभागृह अशा जागी ध्वनिक्षेपकाशिवाय बोलता येते, आणि मोकळ्या आवाजासाठी लिहिलेल्या या नाटकांना ते मानवते.

प्रेक्षक येतो, पण दोन वेगळ्या वाटांनी. ज्येष्ठ मंडळी नाटकाच्या नावावर येतात, त्यांना वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात पुरते. महाविद्यालयीन विद्यार्थी नटांच्या ओळखीने येतात, म्हणून नटसंचात त्यांच्यातले चार जण असावेत. फुकट पास वाटू नयेत. तिकीट कमी ठेवावे, पण ठेवावेच, कारण पास घेतलेल्यांपैकी किती येतील याचा अंदाज कधीच लागत नाही आणि साथीदारांची नाइट, म्हणजे प्रयोगाचे मानधन, तर त्याच रात्री द्यायची असते. प्रयोगाची तारीख जाहीर करण्यापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे (प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचे) प्रमाणपत्र हाती असावे. संहिता शंभर वर्षांची आहे म्हणून त्यातून सुटका होईल, असे गृहीत धरू नये. आणि मंडळाकडे मूळ पुस्तक न पाठवता, आपण प्रत्यक्ष सादर करणार आहात ती कापलेली रंगावृत्तीच टंकलिखित करून पाठवावी.