अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्लस्टनमध्ये जुनं घर घेताय? आधी हे बघा

पियाझा बघून लगेच प्रेमात पडू नका, चार्लस्टनची सिंगल हाऊस दिसतातच तशी, रस्त्याकडे एका खोलीची रुंदी आणि बाजूला लांबच लांब व्हरांडा, तोच पियाझा. पण साउथ ऑफ ब्रॉड या पाण्याजवळच्या जुन्या भागात घर बघायला जाताना भरतीचं टाइमटेबल बघून जा, किंग टाइडच्या, म्हणजे खूप मोठ्या भरतीच्या दिवशी पाऊस नसतानाही काही रस्त्यांवर पाणी येतं, ते एजंट कशाला दाखवेल! विकणाऱ्याकडून एलिव्हेशन सर्टिफिकेट (घर किती उंचीवर आहे त्याचा दाखला) आणि पुराच्या जुन्या क्लेम्सची माहिती मागा. साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही, सरकारी फ्लड पॉलिसी घराच्या इमारतीला जास्तीत जास्त 2,50,000 डॉलरच देते, वरचं प्रायव्हेट घ्यावं लागतं आणि नवीन पॉलिसीला साधारण 30 दिवसांचा वेटिंग पिरियड असतो, त्यामुळे वादळाची बातमी आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

भिंतीवर लोखंडी गोल प्लेटा दिसल्या तर घाबरू नका, 1886च्या भूकंपानंतर भिंती आवळायला सळया घातल्या त्याच त्या. त्यापेक्षा वाळवी बघा, आणि जुन्या विटांवर कोणी सिमेंट थापलंय का ते बघा, तिथे चुन्याचाच मसाला हवा नाहीतर ओल आत अडकते.

खिडक्या बदलायचा प्लॅन असेल तर सबुरीने घ्या. 1931 पासून इथे आर्किटेक्चरल रिव्ह्यू बोर्ड आहे, रस्त्यावरून दिसणाऱ्या बदलाला परवानगी लागते. बोटीसाठी धक्का बांधायचा तर राज्याचं परमिट वेगळं. आणि स्वतः राहणार असाल तर प्रॉपर्टी टॅक्सला 4 टक्क्यांच्या असेसमेंटसाठी (म्हणजे घराच्या किमतीच्या 4 टक्के रकमेवरच कर मोजावा म्हणून) अर्ज करा, नाहीतर 6 टक्क्यांनी धरतात.