पेडेस्टलची वीज आणि तुमचा ट्रेलर: वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडच्या विजेबद्दल प्रश्न येऊ लागतात. या वेळचे बहुतेक प्रश्न पेडेस्टलभोवती फिरतात, म्हणजे ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं फिरतं घर) उभा करायच्या जागेशेजारची ती विजेची पेटी. तिथले लोक ज्याला 'हॉट' म्हणतात त्याला आम्ही आपल्या सवयीने फेज म्हटलंय.

प्रश्न: आमचा ट्रेलर ३० अँपियरचा आहे. त्यासाठी सर्ज प्रोटेक्टर घेतला. विक्रेता म्हणाला, आता काळजी नाही. खरंच नाही का?

आहे. साध्या सर्ज प्रोटेक्टरच्या पोटात एमओव्ही नावाच्या चकत्या असतात. क्षणभर आलेला जोराचा झटका त्या स्वतःवर घेतात, आणि तसं करताना दरवेळी थोड्या झिजतात. खोक्यावर जो ज्यूलचा आकडा लिहिलेला असतो तो या सोसण्याचा. पण कॅम्पग्राउंडवर नुकसान किंवा धोका होतो तो बहुतेक वेळा अशा झटक्याने नाही. तास-दोन तास व्होल्टेज १०० वर रेंगाळतं, न्यूट्रल सुटतो, अर्थिंग जोडलेलंच नसतं, फेज-न्यूट्रल उलटे असतात. यातल्या एकाही वेळी साधा प्रोटेक्टर वीज तोडत नाही. काही मॉडेलवर 'वायरिंग चुकीचं' असा दिवा तेवढा लागतो. तो बघणारं कुणी असेल तर उपयोग.

तुम्हाला हवा आहे तो ईएमएस, म्हणजे आत काँटॅक्टर (विजेने चालणारा मोठा स्विच) असलेला आणि गडबड दिसताच ट्रेलरची वीज स्वतः तोडणारा. नावाजलेल्या मॉडेलमध्ये १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ च्या वर पुरवठा बंद होतो. वीज पूर्ववत झाल्यावरही तो लगेच जोडत नाही, दोनेक मिनिटं थांबतो. ही मुद्दाम ठेवलेली सोय आहे. एसीचा कंप्रेसर बंद पडल्यावर आतला गॅसचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी वीज आली तर मोटर दाबाविरुद्ध अडकून बसते आणि तापते. घेताना एवढंच विचारा: कमी व्होल्टेजला हा वीज *तोडतो* का, की नुसती दाखवतो?

प्रश्न: ईएमएस असला तरी प्लग लावण्याआधी मीटरने तपासावं का? नेमकं कुठे आणि किती यायला हवं?

तपासावं. दोन मिनिटांचं काम आहे. मीटर कॅट थ्री (मीटरवर लिहिलेला सुरक्षिततेचा दर्जा), ६०० व्होल्टचा असू द्या, एसी व्होल्टवर ठेवा. पायात कोरडी चप्पल-बूट हवेत, आणि प्रोबच्या टोकाला किंवा कुठल्याही धातूला बोट लागता कामा नये. काही न जोडता पेडेस्टलचा ब्रेकर चालू करा आणि मोजा.

३० अँपियरच्या सॉकेटला तीन भोकं असतात: एक गोलसर, ते अर्थिंगचं, दोन तिरक्या फटी, फेज आणि न्यूट्रलच्या. फटीपासून फटीपर्यंत १२० च्या आसपास. मग अर्थिंगपासून एका फटीला १२० आणि दुसऱ्या फटीला जवळपास शून्य. कुठल्याच फटीला अर्थिंगशी काही आलं नाही तर अर्थिंग तुटलेलं आहे. फटीपासून फटीला २४० आलं, तर प्लग हातातही घेऊ नका. घराच्या आवारात नव्याने बसवलेल्या सॉकेटवर ही चूक हमखास होते: तीन भोकांचं मोठं सॉकेट बघून इलेक्ट्रिशियनला ते ड्रायरसारखं २४० चं वाटतं, आणि त्याच्या डोक्यात १२० येतच नाही.

५० अँपियरला चार भोकं. अर्थिंग गोलसर, त्याच्या समोर न्यूट्रल, दोन बाजूंना दोन फेज. प्रत्येक फेज ते न्यूट्रल १२०, फेज ते फेज २४०, न्यूट्रल ते अर्थिंग शून्याजवळ. फेज ते फेज शून्य आलं, तर दोन्ही फेज एकाच तारेवरून घेतले आहेत. एरवी दोन फेजचा करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना खातो. इथे त्याची बेरीज होते आणि ५० अँपियरच्या न्यूट्रलवर १०० अँपियरपर्यंत जाऊ शकतो. त्या तारेला ब्रेकर नसतो, हे लक्षात घ्या.

आता या तपासणीची मर्यादा. मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. त्यामुळे गंजलेला, एका धाग्यावर टिकलेला न्यूट्रलही मीटरला छान १२० दाखवतो आणि एसी सुरू झाला की मान टाकतो. मीटरने वायरिंग कळतं, सांध्याची ताकद नाही. म्हणून मीटर हवाच, पण ईएमएसच्या जागी नाही.

प्रश्न: ५० अँपियरच्या जागेवर अचानक अर्धे दिवे मंद झाले, अर्धे डोळे दिपावेत इतके प्रखर. टीव्ही आणि मायक्रोवेव्ह गेले. ऑफिसवाले म्हणतात पेडेस्टलवर १२० बरोबर आहे.

काही दिवे मंद आणि त्याच क्षणी काही प्रखर, ही सुटलेल्या न्यूट्रलची खूण आहे. दुसरं काही इतकं स्पष्ट ओळखू येत नाही.

आकड्यांत बघा. एका फेजवर १,४४० वॅटचा हीटर आहे, त्याचा रोध १० ओहम. दुसऱ्या फेजवर सगळं मिळून २८८ वॅट, रोध ५० ओहम. न्यूट्रल जागेवर असेल तर दोघांना १२०-१२० व्होल्ट. न्यूट्रल सुटला की दोघं २४० व्होल्टवर एकामागे एक जोडले जातात: एकूण ६० ओहम, करंट ४ अँपियर. हीटरला मिळतात ४० व्होल्ट, आणि टीव्ही ज्या बाजूला आहे तिला २००. म्हणजे लोड जितका हलका तितका मार जास्त. करंट ४ अँपियरच असल्याने ब्रेकर ढिम्म हलत नाही.

ऑफिसचं म्हणणंही खोटं नाही; लोड नसताना सांधा १२० दाखवतोच. त्यांना दोन फेजवर *वेगवेगळा* लोड टाकून मोजायला सांगा. एका बाजूचं व्होल्टेज पडताना दुसऱ्या बाजूचं चढलं तर वाद संपला. मात्र दोष त्यांच्याच बाजूला आहे असंही धरून चालू नका. तुमच्या केबलचा प्लग, ट्रेलरला लावायचं टोक आणि ट्रान्सफर स्विचमधला (पेडेस्टल किंवा जनरेटर यांतून वीज निवडणारा स्विच) न्यूट्रलचा स्क्रू, हे तीन सांधे उघडून बघा. ट्रान्सफर स्विचचे स्क्रू प्रवासातल्या हादऱ्यांनी सैल होतात, आणि तो स्विच पेडेस्टलवर लावलेल्या ईएमएसच्या पुढे असल्याने तिथे सुटलेला न्यूट्रल ईएमएसला दिसत नाही. आत कायमचा बसवायचा ईएमएस ट्रान्सफर स्विचनंतर बसवावा, असं आमचं मत यासाठीच आहे.

प्रश्न: ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराच्या कडीला हात लावला की झिणझिण्या येतात. जमिनीत लोखंडी सळई ठोकून ट्रेलरला जोडली तर चालेल का?

नाही चालणार. आधी पेडेस्टलचा ब्रेकर बंद करा, प्लग काढा, मग पुढचं वाचा.

झिणझिण्या म्हणजे ट्रेलरच्या बॉडीत करंट उतरलाय आणि त्याला परत जायला अर्थिंगची वाट नाही. दोन गोष्टी एकदम झाल्या आहेत. कुठल्याही ट्रेलरमध्ये थोडी गळती असतेच, कन्व्हर्टरमधून, वॉटर हीटरच्या एलिमेंटमधून. अर्थिंग शाबूत असेल तर ती गुपचूप निघून जाते. अर्थिंग तुटलं की तीच गळती बॉडीवर थांबून राहते आणि तुमच्या पायांची वाट बघते. आज झिणझिण्या आहेत. उद्या एलिमेंट फुटला तर पूर्ण १२० असतील.

सळईचं गणित बघा. चांगल्या जमिनीत एका सळईचा रोध २५ ओहम धरला तरी १२० भागिले २५ म्हणजे ४.८ अँपियर. ३० अँपियरचा ब्रेकर एवढ्याने पडत नाही. बॉडी जिवंतच राहते, वर सळईभोवतीची ओली जमीनही. ब्रेकर पाडायला शेकडो अँपियर लागतात आणि ते फक्त तांब्याच्या अर्थिंग वायरमधूनच परत जाऊ शकतात.

तपासायला न टेकवता चालणारा टेस्टर घ्या, पेनसारखा. वीज जोडल्यावर ट्रेलरच्या धातूजवळ, शक्यतो दाराच्या चौकटीजवळ किंवा हिचजवळ (गाडीला जोडायचा भाग) न्या. पिपाणी वाजली की हात न लावता मागे फिरा. आकडा हवा असेल तर ओल्या जमिनीत स्क्रूड्रायव्हर खुपसून त्यापासून बॉडीपर्यंत मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर काही आलं तर कारण सापडेपर्यंत वीज बंद.

हाच टेस्टर एक असा दोष पकडतो जो सॉकेटमध्ये लावायचा तीन दिव्यांचा टेस्टर आणि बरेच ईएमएसही सोडून देतात. जुन्या वायरिंगमध्ये अर्थिंगची तार नसते, मग कुणीतरी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधतो, आणि वर फेज-न्यूट्रल उलटे असतात. मग अर्थिंगचं भोकच फेज होतं. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये शून्य, फेज आणि अर्थिंगमध्ये १२०: सगळे आकडे देखणे आणि पूर्ण ट्रेलर जिवंत.

प्रश्न: दुपारी दोननंतर ईएमएस १०३ दाखवून वीज तोडतो. बायपासचं बटण आहे. ते वापरू का?

नको. व्होल्टेज कमी झालं की कंप्रेसरची मोटर काम कमी करत नाही. तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. वाइंडिंगचं इन्शुलेशन भाजतं. एसी त्याच दिवशी मरत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही बिघडलं नाही.

आधी व्होल्टेज कुठे हरवतंय ते शोधा. एसी चालू ठेवून ट्रेलरच्या आत सॉकेटवर मोजा, आणि तेव्हाच पेडेस्टलच्या २० अँपियरच्या सॉकेटवर मोजा. दोन्हीकडे १०४-१०५ असेल तर कॅम्पग्राउंडची लाइन दमली आहे. पेडेस्टलवर ११५ आणि आत १०५ असेल तर दोष तुमच्या केबलमध्ये किंवा प्लगमध्ये. चांगली १० गेजची (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड) ५० फूट केबल २५ अँपियरला अडीच व्होल्टच खाते. बागेत वापरायची १६ गेजची तेवढीच केबल १३ अँपियरला पाचच्या वर खाते आणि सत्तरेक वॅट उष्णता सोडते. गुंडाळून ठेवली असेल तर तिचं आवरण वितळायला वेळ लागत नाही.

लाइनच दमली असेल तर लोड उतरवा. ३० अँपियरमध्ये मिळून ३,६०० वॅट असतात. एसी १३ अँपियर, वॉटर हीटर १२, मायक्रोवेव्ह १३: कुठलेही दोन चालतात, तिन्ही नाही. वॉटर हीटर आणि फ्रिज गॅसवर टाका.

व्होल्टेज दहा टक्के वाढवणारा ऑटोट्रान्सफॉर्मर मिळतो आणि तो काम करतो. पण ती वाढ फुकटची नाही. तेवढाच जास्त करंट तो पेडेस्टलकडून ओढतो. शेजारच्या दहा जणांनी लावला की लाइन आणखी खाली बसते. त्यापेक्षा जागा बदलणं स्वस्त पडतं. कॅम्पग्राउंडच्या ट्रान्सफॉर्मरच्या जवळची जागा मागून बघा.

प्रश्न: प्लगचा एक दात काळा पडलाय आणि प्लॅस्टिक फुगलंय. पॉलिश पेपरने घासून वापरू का?

नुसता काळा असता तर घासला असता. प्लॅस्टिक फुगलंय म्हणजे आतला सांधाही भाजलाय, टोक बदला. सैल सॉकेटमध्ये ०.०५ ओहमचा रोध तयार झाला तर २५ अँपियरला त्या एका ठिकाणी ३१ वॅट उष्णता निघते. सोल्डरिंग आयर्नच तिथे रुतवून ठेवल्यासारखं आहे.

सवय अशी लावा: लावताना ब्रेकर बंद, प्लग पूर्ण आत, मग ब्रेकर चालू. काढताना आधी आतला एसी बंद, मग ब्रेकर, मग प्लग. लोड चालू असताना प्लग ओढला की ठिणगी पडते, आणि सॉकेटचे ओठ तिथूनच भाजायला लागतात. प्लग आत जाताना अडला नाही, लोण्यात सुरी गेल्यासारखा गेला, तर ते सॉकेट थकलंय; ते सोडा. शेजारी ५० अँपियरचं सॉकेट असेल तर अडॅप्टर लावून ३० चा ट्रेलर त्यावर चालवता येतो. ट्रेलरचा मेन ब्रेकर ३० चाच राहतो आणि ते सॉकेट सहसा कमी वापरलेलं असतं. फक्त मधली केबल त्या वेळी ५० च्या ब्रेकरवर असते, म्हणून ती धडधाकट हवी. लावल्यानंतर तासाभराने प्लगला हात लावून बघा. कोमट असू द्या. हात ठेववत नसेल तर बंद करा.

प्रश्न: छोट्या इन्व्हर्टर जनरेटरवर ईएमएस 'अर्थिंग नाही' म्हणून वीज देत नाही. जनरेटर खराब आहे का?

नाही. अशा जनरेटरमध्ये न्यूट्रल कशालाच बांधलेला नसतो, म्हणून ईएमएसला अर्थिंगचा संदर्भ मिळत नाही. १५ अँपियरचा एक साधा प्लग घ्या, त्यात न्यूट्रल आणि अर्थिंगचे स्क्रू १२ गेजच्या तुकड्याने जोडा, फेजचा स्क्रू रिकामा ठेवा. हा प्लग जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावा. त्यावर रंगीत टेप गुंडाळून 'फक्त जनरेटर' लिहा आणि तो जनरेटरच्याच पिशवीत ठेवा. पेडेस्टलच्या किंवा घराच्या सॉकेटमध्ये तो कधीच जाता कामा नये.

प्रश्न: घरी जीएफसीआय सॉकेटवर ट्रेलर लावला की ते लगेच पडतं. आतले सगळे ब्रेकर बंद केले तरी पडतं.

जीएफसीआय म्हणजे करंट गळतोय असं दिसताच वीज तोडणारं सॉकेट. ब्रेकर फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. सगळं बंद असूनही पडत असेल तर ट्रेलरमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग कुठेतरी एकमेकांना टेकलेत. केबल पूर्ण सोडवा आणि ट्रेलरच्या प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थिंगच्या दातांमध्ये रोध मोजा. तिथे जोडणी दिसता कामा नये. दिसली तर पॅनेलमधल्या न्यूट्रलच्या तारा एकेक करून सोडवा. जी सोडल्यावर जोडणी तुटते ती दोषी. पहिला संशय वॉटर हीटरवर घ्या. टाकी रिकामी असताना एकदा जरी चालू झाला तरी एलिमेंट तडकतो आणि पाणी त्याच्या तारेला टेकतं. नवा एलिमेंट बसवल्यावर टाकी भरून नळातून सलग धार येईपर्यंत त्याचा ब्रेकर चालू करू नका.