मांडूळ, वाळा, खापरखवल्या: जमिनीत राहणाऱ्या सापांची कवटी एकसारखीच असते ना? प्रोजेक्टसाठी तुलना कशी करू?

नाही, एकसारखी नसते. वरून बघितली तर तशी वाटते. एकसारखी नसते हेच मी टीवायच्या प्रॅक्टिकलला बोललो आणि माझे मार्क गेले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव संगमेश्वराकडे, सह्याद्रीच्या पायथ्याला. २००९ च्या जूनमध्ये पोफळीची आळी करताना काकांच्या खोऱ्याखाली एक खापरखवल्या आला. काकी पडवीतूनच ओरडली, "अरे दुतोंड्या तो, देवाचा, हात नको लावूस!" आता दुतोंड्या म्हणजे मांडूळ, आणि ह्याचं तोंड टोकदार, शेपटी तिरकी कापल्यासारखी नि वर खापरासारखी खरखरीत, पण काकीला कोण सांगणार. बिचारा मेलेलाच होता. मी डोकं एका डबीत घातलं, डबीला भोकं पाडली, मुंग्यांच्या वारुळाशेजारी ठेवून वर चिरा ठेवला. काही दिवसांनी बघतो तर कवटी लख्ख, पण खालच्या जबड्याची उजवी बाजू मुंग्यांनी पळवलेली. मुळात कवटीच वालाच्या दाण्याएवढी, त्यात जबड्याचं अर्धं हाड, मी दोन संध्याकाळ चहाच्या गाळणीतून माती चाळत बसलो. गाळणी काकीची होती, तो विषय वेगळा. हाड शेवटपर्यंत मिळालं नाही.

कॉलेजात मांडुळाची एक जुनी कवटी होती आणि वाळ्याची स्लाईड. मी आपला खापरखवल्या घेऊन गेलो तर सर म्हणाले, "बिळातले साप म्हणजे प्रिमिटिव्ह, आदिम. कवटी घट्ट, बंद, तोंड लहान. एवढंच लिही." मी म्हटलं सर, उलटी करून बघू या का. त्यावर, "हा तर मोडका नमुना आहे."

आता ऐका. मेंदू हाडांनी सगळीकडून बंद असणं हे तर धामणीतही असतं, ते काही बिळाचं खास लक्षण नाही. फरक जबड्यात असतो. मांडूळ उंदीर धरतं, विळखा घालून मारतं आणि अख्खा गिळतं, म्हणून नाक फावड्यासारखं असलं तरी मागे क्वाड्रेट हाड (खालचा जबडा कवटीला जोडणारं) सुप्राटेम्पोरलवर, म्हणजे कवटीच्या मागच्या बाजूच्या हाडावर, टांगलेलं आणि जबडा चांगला हलता. वाळा हा अंधसाप, मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या खातो, त्याला दात फक्त वरच्या जबड्यात, ते हाड सैल आणि आडवं, दाताळ्यासारखं झपाझप आत ओढतं, खालचा जबडा पूर्ण बिनदाती. (अंधसापांचाच दुसरा एक गट आहे त्यात बरोबर उलटं, दात फक्त खाली.) खापरखवल्या गांडुळं खातो, दोन्ही जबड्यांत दात पण थोडेच, सुप्राटेम्पोरल जवळजवळ नाहीच, क्वाड्रेट थेट कवटीला टेकलेलं. आणि खरी मजा मागे आहे, मणक्याला जोडणारा कॉन्डाईल गोळ्यासारखा चांगला बाहेर आलेला, त्यामुळे डोकं मानेवर मस्त फिरतं. हा गडी नाक खुपसून, डोकं इकडेतिकडे वळवून माती बाजूला दाबतो. मोडक्या नमुन्यातही तो कॉन्डाईल शाबूत होता हो सर.

म्हणजे तिघं मातीतले, पण पोट भरायची पद्धत तीन तऱ्हेची. आणि नात्याने बघाल तर खापरखवल्या वाळ्यापेक्षा अजगराच्या जवळचा आहे. दिसण्यावर गेलात तर फसाल. भारताबाहेरचे ते अँफिसबीनिया नावाचे सरपटणारे प्राणी घ्या, गांडुळासारखं अंग, कवटी ठोकळ्यासारखी, वर मधोमध एकच दात, आणि डीएनए म्हणतो की लॅसर्टिड सरड्यांचे चुलत भाऊ. मातीने सगळ्यांची डोकी साधारण एका साच्यात दाबली, बस.

तुलनेचं म्हणाल तर लांबी-रुंदी घ्याच, ती सगळेच घेतात, पण प्रत्येक कवटी वरून, खालून, बाजूने आणि मुख्य म्हणजे मागून काढा. दात कुठल्या हाडांवर आहेत, क्वाड्रेट कशाला जोडलंय, कॉन्डाईल किती बाहेर आहे, ही तीन खाती ठेवा आणि समोर तो प्राणी काय खातो ते लिहा. देवगांडूळ ह्यात घालू नका, तो उभयचर, दरवर्षी कोणीतरी घालतंच.

हे आधी सांगायला हवं होतं: नमुने गोळा करत फिरू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, मेलेला सापडला तरी ठेवायला परवानगी लागते, मला तेव्हा अक्कल नव्हती. कॉलेजचे नमुने वापरा, नाहीतर डिजिमॉर्फ ह्या वेबसाइटवर कवट्यांचे सीटी स्कॅन फुकट फिरवून बघता येतात. मांडुळासाठी कोणी लाखांच्या गोष्टी करत आला तर सरळ वनखात्याला फोन लावा.

सरांची एक बाजू खरी आहे, वाळ्याच्या गटाची फांदी सापांच्या झाडातून फार आधी फुटली. पण म्हणून त्याचा तो दाताळ्यासारखा जबडा जुनापुराणा ठरत नाही, उलट इतकं खास यंत्र अंधसापांच्या बाहेर दुसऱ्या सापांकडे नाही. तेव्हा व्हायवाला कोणी "प्रिमिटिव्ह" म्हणालंच, तर नम्रपणे विचारा की सर, कवटीचं नेमकं कुठलं हाड? आणि काय उत्तर मिळालं ते मला इथे कळवा, मी पंधराएक वर्षं थांबलोय.